सार्वजनिक वाकळ



या व्यासपीठावरची विद्वानांची भाषणे मी पुष्कळदा आपल्यासारखीच श्रोत्यांत बसून ऐकली आहेत. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा मी बोनसवर किंवा मजुरीच्या करारावर बोलेन अशीच चालकांची अपेक्षा असणार. परंतु आज मी बोलणार आहे वाकळेवर. पुण्याकडे हिला गोधडी म्हणतात. आमच्या कोल्हापूर भागात वाकळ.

वाकळेचा हंगाम हाच, चैत्र-वैशाखाचा. सुगी उरकलेली असते, रानातले काम कमी असते, आणि धुतलेले कापड तासाभरात वाळेल असे ऊन असते. पाऊस पडण्यापूर्वी अंथरूण-पांघरूण तयार हवे. वर एक लुगडे, खाली एक लुगडे, आणि मध्ये विरलेली धोतरे, सदरे, झंपर उसवून सरळ करून पसरायचे. सुरकुती हाताने मोडायची. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आधी लांब लांब कच्चे टाके, आणि मग कडेपासून आत धावदोऱ्याची ओळीमागून ओळ. दोन ओळींमधले अंतर बोटाने मोजतात. टाका जितका बारीक, तितकी वाकळ टिकाऊ. हे काम एकटीने करायचे म्हटले तर कंबर मोडते. म्हणून शेजारणी चारी बाजूंनी बसतात, आणि हात चालू असताना तोंडेही चालू राहतात. गावातल्या कित्येक बातम्या अशाच वाकळेच्या काठावर फुटतात.

आमचे इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून आसपासची खेडी तेथे पोटासाठी येत राहिली. हातकणंगले, शिरोळ, सीमेपलीकडचे चिकोडी, आणि त्याहूनही लांबची गावे. पुरुष मागावर उभे राहतात. बायका कांड्या भरतात. गंमत अशी, की जे गाव दिवसरात्र कोरे कापड विणते, त्या गावच्या कामगाराच्या घरात अंगावर घ्यायला जुन्याच कापडाची वाकळ असते.

काही वर्षांपूर्वी आम्हांला वाटले, की एक मे रोजी सभागृहात लावायला सर्वांची मिळून एक वाकळ करावी. प्रत्येक घराने आपल्या खेड्यातून आलेले एक कापड द्यावे. मधोमध खेड्याचे चित्र असावे. चित्र मीच खडूने काढले : देऊळ, पार, बैलगाडी आणि मोट चालणारी विहीर. चौदा बायका कामाला बसल्या.

तिसऱ्या दिवशी कांड्या भरणारी एक बाई निळ्या काठाचे लुगडे घेऊन आली. चित्राकडे पाहून म्हणाली, "दादा, ही विहीर कुणाची काढलीत?"

मी म्हणालो, "कुणाची म्हणजे? गावाची."

"गावाची म्हणजे आमची न्हवती. माझी आई घागर घेऊन दुपारपतोर खाली उभी राहायची. कुणी वरनं ओतलं तर पाणी. हे तिचंच लुगडं. कडेला लावणार असशिला तर परत द्या. लावायचं तर विहिरीच्या काठाला लावा."

सभागृह गप्प झाले. एक म्हातारी म्हणाली, "आनंदाचं काम हाय बाई, जुनं कशाला उकरतीस?" त्यावर शब्दाने शब्द वाढला, आणि दोन दिवस काम बंद पडले.

त्या दोन दिवसांत मला माझी लाज वाटली. तशाच एका विहिरीत मी लहानपणी सूर मारले होते. माझ्या लेखी विहीर म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. आमच्या गावापासून जवळच माणगाव आहे. तेथे १९२० च्या मार्चमध्ये परिषद भरली होती. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. १९४८ साली घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना किती कठोर शब्दांत सुनावले, तेही मी वाचलेले होते. माणगावचा स्मृतिदिन मी दरवर्षी साजरा करतो. तरीही खडू हातात आला तेव्हा माझ्या हाताने माझ्या आळीचेच खेडे काढले.

तिसऱ्या दिवशी ती म्हातारी आपण होऊन आली. निळे लुगडे तिने विहिरीच्या काठाभोवती मांडले आणि त्या बाईकडे सुई सरकवली. "मला नेढं दिसत न्हाई. दोरा तू ओवून दे, काठ मी शिवते." तिने क्षमा मागितली नाही आणि दुसरीनेही ती मागायला लावली नाही. शतकांचे वैर एका दोऱ्याने मिटले असे भाबडे विधान मी करणार नाही. परंतु काठ शिवला गेला, आणि तो आज त्या वाकळेतला सर्वांत घट्ट भाग आहे.

आता थोडा हिशेब. तो केल्यावाचून मला राहवत नाही. चौदा बायका, एकवीस दिवस, रोज दोन तास. पाचशे अठ्ठ्याऐंशी तास झाले. आठ तासांची पाळी धरली तर साडेत्र्याहत्तर पाळ्या. एक मेच्या सभेत वक्ते या कामाला 'भगिनींची हौस' म्हणू लागले, तेव्हा मी हा हिशेब वाचून दाखवला. एक कामगार बंधू हसून म्हणाले, "घरच्या कामाचा हिशेब कोण मागतो?" मागून आवाज आला, "कुणी मागितला न्हाई म्हणून तर ही गत हाय." मजुरी देऊ केली ती त्या बायकांनी घेतली नाही. त्यांनी कार्यकारिणीत दोन जागा मागितल्या. वाद झाला, ठराव झाला, आणि आज त्या दोन जागांवर कांड्या भरणाऱ्या बायका बसतात. पुरुषांना मजुरीचा हिशेब शिकवणारा मी. कांडीवालीच्या मजुरीचा तक्ता त्या आल्यानंतरच टेबलावर आला.

शेवटचा कोपरा शिवण्यापूर्वी त्या म्हातारीने भाकरीचा एक चतकोर तुकडा आत ठेवला आणि वरून टाका घातला. वाकळेचे पोट भरलेले असावे, म्हणजे पांघरणाराचेही भरते, अशी तिची समजूत. मी असल्या समजुती मानत नाही. परंतु त्या दिवशी मी काही बोललो नाही.

ती वाकळ भिंतीवर फार दिवस राहिली नाही. थंडीत रात्रीचे धरणे असले की ती खाली उतरते आणि कोणीही ती पांघरतो. माझी आपणांस एवढीच विनंती आहे : आपल्या आळीत, आपल्या संस्थेत अशी वाकळ जरूर शिवा. खेड्याचे कौतुकही करा; ते कौतुकास पात्र आहे. मात्र विहीर काढण्यापूर्वी शेजारी बसलेल्या बाईला विचारा, की ही विहीर कुणाची.