तांबड्या पेशीच्या कामाचे मोजमाप



व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात, आणि बरा झालेला ताप काही महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्यांना तेथून उखडण्यासाठी प्रायमाक्विन देतात. पण हेच औषध काही माणसांच्या तांबड्या पेशी फोडते. लघवी काळपट होते, अंगातले रक्त झपाट्याने कमी होते. अशा माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी हे एंझाइम कमी असते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले.

हे एंझाइम साखरेपासून एन.ए.डी.पी.एच. नावाचे द्रव्य तयार करते. ग्लुटाथायोन हा पेशीचा ऑक्सिडीकरणापासून बचाव करणारा रक्षक; त्याला पुनःपुन्हा ताजा करण्याचे काम या द्रव्याचे. तांबड्या पेशीला ते मिळविण्याची दुसरी सोय नाही.

आता ते मोजावयाचे कसे? गिरणीत माणसे किती हे न विचारता मिनिटाला पीठ किती पडते ते पाहावे, तसे आम्ही करतो. पेशी फोडून त्यांचे पाणी काचेच्या चौकोनी नळीत घेतो, त्यात कच्चा माल घालतो, आणि ३४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्यातून सोडतो. तयार होणारे द्रव्य हा प्रकाश शोषते. कच्चा माल शोषीत नाही. एक सेंटिमीटर रुंद नळीत एक मिलिलिटर द्रव असून शोषण मिनिटाला ०.०६२२ ने वाढले, तर ०.०१ मायक्रोमोल माल निघाला. नळीत एक मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर ग्रॅममागे १० एकके झाली.

हिशेब सोपा, गोम पुढेच आहे. या एंझाइमने टाकलेला माल उचलून शेजारचे दुसरे एंझाइमही तेच द्रव्य बनविते. एकाच्या नावावर दोघांची मजुरी लागू नये म्हणून त्या दुसऱ्याचे काम निराळ्या नळीत मोजून वजा करावे लागते. पांढऱ्या पेशी आधी काढाव्या लागतात, कारण त्यांच्यात हे एंझाइम भरपूर. उष्णमानही ठरलेलेच हवे. नुसता आकडा सांगून उष्णमान न सांगणे म्हणजे भाव सांगून माप न सांगणे!

सर्वांत फसवा आकडा मिळतो तो रक्त फुटून गेल्यावर. दुबळ्या, म्हाताऱ्या पेशी तेव्हा मेलेल्या असतात. उरतात त्या कोवळ्या, आणि त्यांच्यात एंझाइम अधिक. कमतरता असलेला रोगीही मग निर्दोष दिसतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून अशा रोग्याची तपासणी तीनएक महिन्यांनी पुन्हा करावी.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. या एंझाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. दोहोंपैकी एकातच दोष असलेल्या स्त्रीच्या रक्तात धड आणि दुबळ्या अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात. आमची नळी त्यांची सरासरी तेवढी सांगते. टॅफेनोक्विन हे एका मात्रेचे नवे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. ते द्यावयास सामान्याच्या ७० टक्क्यांहून अधिक काम दिसावे लागते. अशा पुष्कळ स्त्रिया ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान येतात. रंग आला की नाही एवढेच पाहणाऱ्या चाचणीत त्या निर्दोष ठरू शकतात. म्हणून हे औषध देण्यापूर्वी नळीतला आकडाच लागतो.