शाळा सर्वांची, भाषा घरची



ग्रंथालयाचे आयुष्य कपाटांवरून नव्हे, वाचकांवरून मोजले जाते. आणि वाचक घडतो तो शाळेत. म्हणून शताब्दीच्या या प्रसंगी शाळेचा विचार करणे हे विषयांतर ठरू नये.

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्याचा मुलूख. नागपूरशी त्याचे सोयरसंबंध व बाजारहाट पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती आणि राज्यकारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सीमा बदलली, चुलीपाशी बोलली जाणारी भाषा बदलली नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. कचेरी जवळ आली. आता न्याय्य शाळाही जवळ यावयास हवी.

मराठी घरातले सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी परक्या भाषेतला पाठ ऐकते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्याला मंदबुद्धी समजले जाते. संपन्न घरचे मूल शिकवणीच्या बळावर ही अडचण ओलांडते. मजुराचे मूल मागे पडते. तेव्हा हा प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नसून समतेचा आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्यावर उपाय सुचविला तो समान शाळेचा. परिसरातील सर्व थरांची मुले एकाच चांगल्या शाळेत शिकावीत, हा त्याचा आशय.

आधाराची वाण नाही. प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असल्यास प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे ठरविले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेचेच माध्यम सांगितले. परंतु शिक्षकाची नेमणूक आणि वेळेवर पुस्तक यांवाचून कलम हे कागदावरच राहते.

कोणी म्हणेल, पालकांनाच हिंदी-इंग्रजी हवी आहे. ती हवीच; या राज्यात हिंदीवाचून नोकरी नाही, व्यवहार नाही. पण पाया घरच्या भाषेत पक्का झाला, तर वरचे मजले सुखाने चढतात. मराठी मागणे म्हणजे हिंदीला विरोध करणे नव्हे.

म्हणून मागणे थोडकेच आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाची मातृभाषा नोंदवावी. संख्या भरेल तेथे मराठी जाणणारा शिक्षक द्यावा. आणि गावातील मान्यवरांनी आपली मुले त्याच सरकारी शाळेत घालावीत. ज्या शाळेत पुढाऱ्यांची मुले बसतात, तिचे छप्पर फार दिवस गळत नाही.

ग्रंथालयानेही आपला वाटा उचलावा. पुस्तकांची एक पेटी दरमहा एका खेड्यातील शाळेत जावी. शंभर वर्षे वाचक ग्रंथालयाकडे चालत आले. पुढील शतकात ग्रंथालयाने वाचकाकडे चालत जावे.