संडासाचा खड्डा घेण्याआधी माती बघा



संडास बांधायचा ठरला, की दार कसं, फरशी कुठली, हे आपण गवंड्याला सांगतो. खड्डा मात्र त्याच्यावर सोपवतो. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात पाणी मातीत मुरावं लागतं. म्हणून आधी माती ओळखायची.

मूठभर माती ओली करून तळहातावर वळा. लांब, न तुटणारी वळी झाली तर माती चिकण. वळीच होत नसेल तर रेताड किंवा मुरमाड. माती खड्ड्याच्या तळाची घ्या. वर काळी आणि खाली मुरूम, असं पुष्कळ ठिकाणी असतं.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी फार सावकाश शोषते. तिथे खड्डा मोठा लागतो, आणि विटांच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर. नाहीतर पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि घरातल्या बायका पुन्हा अंधारात बाहेर जातात.

मुरमात पाणी लवकर मुरतं, पण घाण विहिरीपर्यंतही पोचू शकते. विहीर-बोअरपासून निदान 10 मीटर अंतर ठेवा. भेगाळ खडक लागला तर आणखी लांब जा, पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारा.

आमच्या गटात संडासासाठी कर्ज मागितलं, की आम्ही आधी विचारतो, "खाली माती कुठली लागली?" तुमच्याही गटात विचारा. कर्जाचे हप्ते आपणच फेडणार आहोत, आणि विहिरीचं पाणीही आपलीच लेकरं पिणार आहेत.