मागच्या मांडवातली पंगत

(महाविद्यालये व विद्यापीठांच्या परिसर-व्यवस्थापन आणि पर्यावरण अधिकाऱ्यांच्या पुण्यातील परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्षांनी माझ्या परिचयात जी कामं मोजून दाखवली, त्यांतली निम्मी माझ्या मुकादमांनी आणि मेसमधल्या मावशींनी केलेली आहेत. त्यांच्याबद्दल पुढे बोलणारच आहे. नमनाला घडाभर तेल नको.

अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो पाळते. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. तो पदवीच्या वर्गात पोचायला २००३ उजाडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या अभ्यासक्रमाचं पाठ्यपुस्तक याच शहरात, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतल्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. मूळचे ते शल्यविशारद, हे इथल्या तरुणांना ठाऊक नसेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषामुळे हरित लेखापरीक्षणाच्या फायली झाल्या. आपल्यासारख्यांना टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, काही ठिकाणी शिपाईसुद्धा मिळाला. आढावा संपला.

आता ज्यासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारलं ते सांगते. मला दुपारच्या जेवणाबद्दल बोलायचं आहे.

काही जण हसले. हसा. कार्यक्रमपत्रिकेत एक ते अडीच या वेळेत 'नेटवर्किंग लंच' असं छापलंय. परदेशातल्या परिषदांत याला स्वतंत्र सत्राइतका मान असतो. एका टेबलावर पाणीवाले बसतात, एकावर ऊर्जावाले, आणि टेबलावर विषयाची पाटी असते. आपण ती कल्पना उचलली आणि पाट्या लावायचं विसरलो. आपल्याकडे कुलसचिव कुलसचिवांच्या घोळक्यात उभे राहतात, प्राचार्य संस्थाचालकांच्या मागे फिरतात, सौरऊर्जेची कंपनी व्हिजिटिंग कार्डं वाटते. उरलेले हातात ताटली घेऊन ओळखीचा चेहरा शोधत हिंडतात. आणि भटारखान्याच्या मागे ताडपत्रीचा दुसरा मांडव असतो. तिथे झाडूवाल्या, माळी, वाढपी, कचरा वेचणाऱ्या ताई साडेतीनच्या सुमाराला बसतात. तोवर पनीर संपलेलं असतं आणि पुऱ्या चिवट झालेल्या असतात.

वर्षानुवर्षं मी एकच गोष्ट मागते आहे. ही दोन जेवणं एक करा. ज्या दिवशी परिसराच्या भवितव्याची चर्चा आहे, त्या दिवशी परिसर ज्यांच्या हातांवर चालतो ती माणसं त्याच वेळी, त्याच मांडवात, त्याच ताटात जेवू द्या. बाकी सगळी सत्रं रद्द केलीत तरी माझी तक्रार नाही.

संयोजकांची उत्तरं मला पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर, बजेट नाही. दुसरं, शिष्टाचार. तिसरं सगळ्यांत गोड: "मॅडम, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

आधी बजेटचं बघू. प्रतिनिधींना वाटतात ती खांद्याला अडकवायची बॅग, आतली वही, पेन, स्मृतिचिन्ह आणि शाल-श्रीफळ एवढं वगळलं तर मागच्या मांडवातली सगळी माणसं पुढच्या मांडवात जेवून वर दक्षिणा घेऊन जातील. पर्यावरणाच्या परिषदेत सिंथेटिक बॅग वाटायची आणि बजेट नाही म्हणायचं, हे कोणत्या लेखापरीक्षणात बसतं?

आता सकाळच्या सत्रातल्या वादांकडे वळते, कारण त्यांचा निकालही जेवणाच्या पानावरच लागतो.

खतखड्डा बरा की बायोगॅस, यावर दोन सहकारी सकाळी हमरीतुमरीवर आले. पुण्याला बायोगॅस नवा नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने शेणाऐवजी घरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा संच केला आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. मी रेक्टर असलेल्या वसतिगृहातही मोठा संच बसवला होता. एका उन्हाळ्यात गॅस मंदावला, मग बंदच पडला. टाकीजवळ गेलं की आंबूस वास येई. तज्ज्ञ आले, सामू मोजला, चुन्याची निवळी टाकायला सांगितली. दोन प्राध्यापकांनी जिवाणूंवर छान चर्चा केली. चुना टाकला की चार दिवस ज्योत पेटायची आणि पुन्हा विझायची. शेवटी एका दुपारी मी मेसच्या मागच्या पायरीवर मावशींबरोबर डबा खात बसले होते. भाकरी मोडता मोडता एक मावशी म्हणाली, "बाई, तो नवा ज्यूसवाला रोज पोतंभर मोसंब्याची सालं तुमच्या टाकीत ओततोय. तेव्हापासनं बिघडलीय ती." लिंबूवर्गी सालींतल्या तेलाने गॅस करणारे जिवाणू मरतात, हे पुस्तकात आहे. पण सालं टाकीत पडतात हे पुस्तकाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सालं वेगळी झाली, ताजं शेण घालून टाकी पुन्हा लावली, आणि काही आठवड्यांत चहाचं आधण तिच्यावर येऊ लागलं. तेव्हा खतखड्डा की बायोगॅस, हा वाद माझ्या लेखी संपला. टाकीत काय पडतं हे ज्याला माहीत आहे त्याला विचारा, मग दोन्ही चालतात.

दुसरा वाद, बुफे की पंगत. एका विद्वानाने स्लाइड दाखवून सिद्ध केलं की बुफेत माणूस आपल्याला हवं तेवढंच घेतो, म्हणून अन्न कमी वाया जातं. या विद्वानाने लग्नात कधी खरकट्याच्या पिंपात डोकावून पाहिलेलं नाही. तिथे अर्धी जिलबी, न शिवलेला पुलाव, मठ्ठ्याने भरलेले पेले असतात. पुन्हा रांग नको म्हणून माणूस एकदाच डोंगर रचतो. आमच्या मेसमध्ये आम्ही डाव मावशींच्या हातात दिला. त्या आधी थोडं वाढत आणि पुन्हा फिरत. "अजून घेशील का गं?" असं नाव घेऊन विचारत. मुलीही मावशींच्या समोर पानात टाकायला लाजत. खरकट्याची बादली महिनाभरात निम्म्याच्या खाली आली. कोणती पद्धत श्रेष्ठ, ते परिषदेने ठरवावं. माझा अनुभव एवढाच, की वाढणारा माणूस जेवणाऱ्याला ओळखत असला की अन्न वाचतं.

तिसरा वाद कपांचा. एका संस्थेने अभिमानाने सांगितलं की आम्ही प्लास्टिकचे कप सोडून कागदी आणले. याचा निकाल माझ्यापुरता कधीच लागलाय. एका कार्यक्रमानंतर कचरा वेगळा करणाऱ्या ताईने तसाच एक कप नखाने फाडला, आतला पातळ पापुद्रा ओढून माझ्या समोर धरला आणि म्हणाली, "मॅडम, याचा कागद भंगारवाला घेत नाय. कागद नाय हा." एका वाक्यात तिने अख्खं खरेदी धोरण खोडलं. स्टीलचे पेले घ्या आणि धुणाऱ्याला त्याचे पैसे द्या.

आता शिष्टाचाराबद्दल. हा मुद्दा पुण्यात तरी कोणी काढू नये. कोणी कोणाबरोबर खावं-प्यावं, यावरून या शहराने फार शोभा करून घेतली आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९० मध्ये, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही जणांनी चहा-बिस्किटं घेतली, आणि त्यावरून पुढे रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, होऊन गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. तिकडे साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत, एकत्र जेवत. महाराष्ट्राला आपल्या शिक्षणसंस्थांचा अभिमान आहे ना? मग त्यांतली ही एक पंगत लक्षात ठेवा. आज कोणी जातीचं नाव घेऊन मांडव वेगळे करत नाही, ते फक्त पदनामावरून वेगळे होतात. दोन्ही मांडवांतल्या आडनावांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण हवं असेल तर तेही पुण्यातलंच आहे. १९९० च्या सुमारास इथल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायला गेली. त्यांतल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी त्या बायकांचं ऐकून घेतलं. बायकांना पाटी-पेन्सिलीपेक्षा निवडलेला कोरडा कचरा हातात मिळायला हवा होता. उकिरड्यात हात घालायचं संपलं तर दिवसाची कमाई वाढणार होती. त्यातून १९९३ मध्ये कामगारनेते बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून अधिक माणसं त्यात दारोदार कचरा गोळा करतात. एका विद्यापीठाच्या विभागातून निघालेलं हे काम आपल्या सगळ्यांच्या हरित अहवालांना पुरून उरेल. त्याची सुरुवात कोणत्याही चर्चासत्रात झाली नाही. जमिनीवर शेजारी बसून ऐकल्यामुळे झाली.

राहिलं ते अवघडणं. एकदा आमच्याच महाविद्यालयात मी हट्टाने ही मिश्र पंगत घातली. प्रत्येक पाटावर एक अधिकारी आणि शेजारी एक कामगार. पहिली काही मिनिटं कोणी बोलेना. अवघडलेलं कोण होतं? आमचे विद्युत अभियंता. त्यांना भात कालवता येईना. शेवटी शेजारच्या रात्रपाळीच्या वॉचमननेच विचारलं, "साहेब, प्रयोगशाळेच्या गच्चीवरची मोटर रात्रभर का चालते? टाकी तर दहालाच भरून वाहते." साहेबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिथे तरंगत्या गोळ्याचा स्विच बसला. पाण्याचं लेखापरीक्षण त्याच वर्षी झालं होतं, आणि त्या अहवालात ही मोटर नव्हती. लेखापरीक्षक दिवसा आले होते.

सहकाऱ्यांनो, परिसर शाश्वत करायचा म्हणजे तो रात्री कोण पाहतं, पहाटे कोण झाडतं आणि दुपारी त्याचं खरकटं कोण उचलतं, हे आधी माहीत असायला हवं. त्यांना विचारायची जागा कार्यालय नव्हे. तिथे ते उभे राहतात आणि "होय साहेब" म्हणतात. जेवताना माणूस बसतो. बसला की बोलतो.

अध्यक्षाने भाषणाच्या शेवटी काही कामं सुचवायची असतात, म्हणून सुचवते. एक, पुढच्या परिषदेपासून जेवणाचे मांडव एक करावेत. दोन, टेबलांवर विषयांच्या पाट्या लावाव्यात आणि प्रत्येक पाटीशी त्या कामाचा माणूस बसावा. पाण्याच्या टेबलावर पंप चालवणारा, कचऱ्याच्या टेबलावर कचरा निवडणारी. तीन, त्या दिवशी कोणाची हजेरी कापू नये, आणि वेचकांची त्या दिवसाची भंगाराची कमाई बुडते तेवढं मानधन द्यावं. चार, केटरिंग शक्य तिथे 'कष्टाची भाकर'सारख्या कष्टकऱ्यांच्या केंद्राला द्यावं. पाच, यासाठी एक छोटी समिती नेमावी. तिने काय काय करायचं ते तिने ठरवावं. मला समित्यांचा फार अनुभव आहे, म्हणून जास्त सांगत नाही. मात्र तीत निदान दोन मुकादम असावेत आणि बैठक दुपारी एकला, जेवणासकट व्हावी.

काही जणांना वाटेल, एवढ्या मोठ्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात ही बाई ताट-वाट्यांवरच घसरली. हवामानबदल, कार्बन, हरित इमारती राहून गेल्या. त्या विषयांवर पुढच्या सत्रात तज्ज्ञ बोलणार आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. ही मागणी मात्र माझ्याशिवाय कोणी करणार नाही, हे मी इतकी वर्षं पाहिलंय.

म्हणून संयोजन समितीला आजच सांगून ठेवते. पुढच्या वर्षी परिषद कुठेही भरो, अध्यक्ष कोणीही असो. मांडव दोनच राहिले, तर मी मागच्या मांडवात जेवेन, आणि तुमच्यापैकी ज्यांना माझं म्हणणं पटलंय त्यांना बरोबर घेऊन जाईन. पुढच्या मांडवात किती जण उरतात, ते तेव्हा मोजू.