पेट्रोलचा हिशेब आणि बाईची पायपीट

(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यातल्या घराघरांच्या प्रवासातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा विषय ऐकला की वाटतं, हे तज्ज्ञांचं काम, आपला काय संबंध? पण हिशेब कसा मांडला यावर पुढे पैसा कुठे जाणार ते ठरतं. म्हणून आज हिशेबच समजून घेऊ.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग एवढा वायू येतो कुठून? जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला प्राणवायू घेतो, त्याचं हे वजन. डिझेलचा आकडा सुमारे २.७ किलो. राज्यात वर्षभरात किती इंधन खपलं हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाकडे मिळतं. गुणाकार केला की राज्याची बेरीज तयार. पण तिच्यात ट्रक, ट्रॅक्टर, टॅक्सी आणि घरची मोटार सगळं एकत्र. घरांचा वाटा वेगळा काढायचा तर घरोघरी विचारावं लागतं: कोण गेलं, कुठे, कशाने, किती लांब?

खरी गोम इथेच आहे. २०११ च्या जनगणनेत हे विचारलं गेलं. पायी, सायकल, स्कूटर, मोटार, रिक्षा, बस, रेल्वे असे पर्यायही होते. पण प्रश्न फक्त कामावर जाण्याचा, आणि तोही शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपुरता. मुलाला शाळेत सोडणं, रेशन आणणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं हे 'काम' नाही, म्हणून तो प्रवासही नाही! केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. या मिनिटांमागची पायपीट कोणत्या रकान्यात लिहायची?

एक उदाहरण घेऊ. समजा, इथून एक गृहस्थ एकटेच मोटारीने अंधेरीला जातात. जाऊन-येऊन ७० किलोमीटर, ५ लिटर पेट्रोल, म्हणजे रोज साडेअकरा किलो. दुसऱ्या घरातली बाई शेअर रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठते आणि लोकलने जाते. गाडी विजेवर चालते, वीज बनवतानाही धूर होतो, पण तो हजारो प्रवाशांत वाटला जातो. तिसरी चार घरची धुणीभांडी करते आणि रिक्षाचे पैसे वाचवायला चालते. तिच्या नावापुढे शून्य.

या शून्याचं कौतुक होईल. पण ते तिने निवडलेलं नाही, तिच्यावर आलेलं आहे. आणि जी बाई रात्री परतायला बस नाही म्हणून नोकरीच सोडते, तिचंही शून्यच! उत्सर्जन कमी करायची योजना फक्त लिटरवर बेतली, तर सवलत जाईल मोटारवाल्याला, विजेची मोटार घ्यायला. फुटपाथ, दिवे, वेळेवर बस यांची गरज आकड्यात दिसणारच नाही.

कुणी म्हणेल, बायकाही आता स्कूटर घेतात. घेऊ देत. पृथ्वी तापते म्हणून मुलीला गाडी घेऊ नको, असं मी सांगणार नाही. तिच्यापुढे आधी भरवशाची बस उभी करा, मग बोला.

बाईच्या प्रवासाची दखल घेतली तर सोय होते, हे आपल्याच मार्गावर दिसलंय. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली, १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. पण घर ते स्टेशन या दोन-तीन किलोमीटरांचं काय?

म्हणून आपण आपली मोजणी करू. प्रत्येकीने सात दिवस वहीत लिहायचं: कुठे गेले, कुणाच्या कामासाठी, कशाने, किती मिनिटं, किती पैसे. आणि शेवटचा रकाना चुकवायचा नाही: कुठे जायचं होतं, पण जाता आलं नाही, आणि का. घरातल्या पुरुषांचीही नोंद करा. लिटरचा हिशेब आपण मिळून करू. मग या वह्या घेऊन महापालिकेच्या परिवहन विभागाकडे जाऊ. धूर कमी करायला आमची ना नाही. पण मोजायचं तर आम्हालाही मोजा, एवढंच सांगायचंय.