पुणे शेअर बाजार : उदय आणि अस्त

 

भारतातील संघटित रोखेबाजाराचा आरंभ १८७५ मध्ये मुंबईस झाला. त्याच्या संस्थापकांत जैन समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद यांची गणना होते. अमेरिकन यादवीच्या काळातील कापसाच्या तेजीत त्यांनी अमाप धन मिळविले आणि १८६५ च्या मंदीत गमावलेही. पुण्याला मात्र स्वतःच्या बाजारासाठी १९८२ पर्यंत थांबावे लागले. तोवर पिंपरी-चिंचवड, भोसरीत कारखाने उभे राहून दोन दशके लोटली होती. भांडवल येथे राबत होते, त्याचा भाव ठरत होता मुंबईत.

त्या काळी कंपनीने आपल्या नोंदणीकृत कार्यालयाच्या प्रदेशातील शेअर बाजारात नोंदणी करणे बंधनकारक होते. पुण्याच्या बाजाराचा खरा आधार हाच नियम. सभागृहात दलाल ओरडून भाव पुकारीत, सौदे वहीत टिपले जात आणि समभागांची प्रमाणपत्रे सही-शिक्क्यासाठी कंपनीकडे धाडली जात. मुंबई आणि पुणे यांच्या भावांत फरक राही. एकीकडे घेऊन दुसरीकडे विकणे यावर प्रादेशिक बाजारांतील दलालांची बरीच मिळकत अवलंबून असे.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू केले, १९९५ मध्ये मुंबईनेही तोच मार्ग धरला. गावोगावी एकच भाव दिसू लागताच तो फरक संपला. ज्या संगणकाने मारुंजीच्या शेजारी हिंजवडीत हजारोंना रोजगार दिला, त्यानेच पुण्याच्या बाजाराचे काम हिरावून घेतले, हा योगायोग विलक्षणच! पुढे प्रादेशिक नोंदणीची सक्तीही उरली नाही. प्रादेशिक बाजारांनी उपकंपन्या काढून मोठ्या बाजारांचे सभासदत्व घेतले. परंतु त्यामुळे दलाल तगले, बाजार तगला नाही. नियमाच्या टेकूवर उभी असलेली संस्था टेकू निघताच किती काळ उभी राहणार?

३० मे २०१२ रोजी 'सेबी'ने निर्गमनाचे धोरण जाहीर केले. वर्षाला १,००० कोटी रुपयांची उलाढाल दोन वर्षांत न साधणाऱ्या बाजारांची मान्यता जाणार होती. एप्रिल २०१५ मध्ये पुणे शेअर बाजाराने निरोप घेतला.

प्रश्न उरला तो केवळ प्रादेशिक बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या भागधारकांचा. त्यांचे समभाग विकण्यास बाजारच उरला नाही. अशा कंपन्यांची नावे मोठ्या बाजारांच्या माहितीफलकावर गेली आणि भागधारकांना बाहेर पडण्याची वाट करून देण्याचे दायित्व २०१६ मध्ये प्रवर्तकांवर टाकण्यात आले.

अनेक कुटुंबांच्या कपाटांत वडीलधाऱ्यांची कागदी प्रमाणपत्रे अद्याप पडून असतील. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे खरेदी-विक्रीपोटी हस्तांतरण बंद झाले; वारसाहक्काची नोंद मात्र करता येते. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले समभाग शासनाच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात, तथापि वारसांना कागदपत्रे सादर करून ते परत मागता येतात. प्रमाणपत्रावरील कंपनीचे नाव बदलले आहे काय, ती अन्य कंपनीत विलीन झाली आहे काय, याचा शोध प्रथम घ्यावा.