मधुमेह आणि आपली विम्याची पॉलिसी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत निशातगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या लखनौत पंडित भातखंड्यांनी १९२६ साली संगीत महाविद्यालय उभारले, तेथे मराठी माणसाने गाण्यावर बोलणे अधिक शोभले असते. परंतु माझी उभी हयात विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्यात गेली. शिवाय आपल्या मंडळात चहाच्या वेळी ‘बिनसाखरेचा’ म्हणणारे आवाज वर्षागणिक वाढत आहेत. तेव्हा जे ठाऊक आहे तेच बोलतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, सर्वात कमी आपल्या उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. मात्र याने हुरळून जाऊ नये. रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांचे प्रमाण येथे देशाच्या सरासरीहून अधिक आहे.

निशातगंजातलेच माझ्या परिचयाचे एक गृहस्थ. पॉलिसी चांगली, हप्ता कधी चुकला नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले, त्यामुळे चप्पल लागून झालेली जखम त्यांना आठवडाभर कळलीच नाही. अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. कंपनीने रुग्णालयाचा खर्च विनातक्रार दिला. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “भाऊजी, कापायला पैसे देतात, मग आधी पाय बघायला का देत नाहीत?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या विम्याच्या घडणीत आहे. १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणली ती रुग्णालयातील खाटेसाठी, आणि बहुतेक पॉलिसींचा साचा अजून तोच आहे. मधुमेह मात्र खाटेवरचा रोग नव्हे. तो स्वयंपाकघरातला, रोजच्या गोळीचा आणि फिरण्याचा रोग आहे. त्याची चांगली देखभाल म्हणजे काय, हे वैद्यकाने केव्हाच ठरवून ठेवले आहे. तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी चाचणी. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी, आणि नायलॉनचा तंतू टेकवून तळपायाची संवेदना पाहणे. शिवाय रक्तदाबावर लक्ष. या तपासण्यांचा खर्च एका शस्त्रक्रियेपुढे किरकोळच आहे.

अमेरिकेत १९९० साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय समिती विमा-योजनांना याच मापाने तोलते. योजनेतील किती मधुमेहींचे डोळे तपासले गेले, किती जणांची साखर व रक्तदाब ताब्यात आहे, याचे आकडे ती मागते आणि प्रसिद्ध करते. त्या देशातील वैद्यकीय खर्चाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण ही एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्याकडे दाव्यांपोटी किती रक्कम दिली याचे आकडे छापले जातात. मधुमेह्याचा पाय शाबूत राहिला की नाही, हे त्यांत कोठेच दिसत नाही.

तोवर पारख आपणच करावयाची. बाह्यरुग्ण तपासण्या आणि औषधे यांची तरतूद आहे काय, हे प्रथम पाहा. मग प्रतीक्षाकाल. आधीपासून असलेल्या रोगासाठी तो २०२४ पासून ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, आणि मधुमेहींसाठी निघालेल्या काही योजनांत तो फारच थोडा असतो. हप्ता अर्थातच चढा. खर्चातला किती वाटा आपण सोसायचा, खोलीभाड्याला मर्यादा किती, हे बारीक टायपात असते. तेथेच चष्मा लावावा.

आणि रोग लपवू नका. मुलगा बंगळुरात बसून वडिलांसाठी फोनवरून पॉलिसी घेतो आणि हप्ता कमी व्हावा म्हणून मधुमेहापुढे ‘नाही’ अशी खूण करतो. वडिलांना पत्ताही नसतो. असे अर्ज मी पुष्कळ पाहिले. पाच वर्षे अखंड चाललेल्या पॉलिसीवर माहिती दडवल्याचा आक्षेप कंपनीला घेता येत नाही, हे खरे. पण सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे, आणि त्या पाच वर्षांत दुखणे थांबून राहत नाही.

केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी ज्यांच्याकडे सीजीएचएसचे कार्ड आहे, त्यांना दवाखान्यातून मधुमेहाची औषधे नियमित मिळतात. या रोगापुरती मी ती योजना अनेक महागड्या पॉलिसींपेक्षा वरची मानतो. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. खाजगी पॉलिसी असली तरी हरकत नाही. पण तेही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे कार्यालय येथेच, पुलापलीकडे हजरतगंजात आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. अर्ज कसा लिहावा हे विचारावयाचे असेल, त्यांनी पॉलिसीची प्रत आणि कंपनीचे पत्र घेऊन कार्यक्रमानंतर मजजवळ थांबावे.